पावसाआधीचे देणे

मराठीत 'देव पाण्यात घालून बसणे' असा एक वाक्प्रचार आहे. परीक्षेचा निकाल लागायचा असला किंवा निवडणुकीची मतमोजणी चालू असली म्हणजे माणसे देव पाण्यात घालून बसतात. वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना सांगितले की, पाऊस लांबला म्हणजे काही गावांत महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात आणि पिंडी बुडवून ठेवतात; देवच गुदमरला म्हणजे त्याला आपली आठवण होईल, असा त्यामागचा भोळा हिशेब; या वाक्प्रचाराचे नाते अशाच चालीशी असावे. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, पण ज्यांचा देव पाण्यात घालता येत नाही, ते लोक काय करतात?"

वर्ग हसला. मलाही हसू आले. पण उत्तर देण्यासाठी तोंड उघडले तेव्हा हसू मावळले होते. कारण ते लोक काय करतात हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले होते आणि पाहिल्यापासून ते माझ्या मनात एखाद्या न फेडलेल्या देण्यासारखे रुतून बसले होते. मुलाला मी चार वाक्यांत उत्तर दिले. उरलेले उत्तर इथे लिहीत आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मॅट्रिक झालेला, शाळेत शिकवणारा आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तेव्हा जे लिहीन ते एका मास्तराचे चिंतन समजून वाचावे.

माझे वडील मूळचे मंगळवेढा तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात रान ओस पडले, जनावरे विकली गेली, तेव्हा ते खडी फोडायला गेले. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्यांतले ते एक. पुढे पाऊस झाला, पण गावावरून उडालेले त्यांचे मन परत गावावर बसले नाही. ते कल्याणला आले, तिथून एक स्टेशन पुढे शहाडला उतरले आणि इथल्या गिरणीत लागले. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी इथला. गावाशी माझे नाते म्हणजे सातबाऱ्यावरचे एक नाव आणि वडिलांच्या तोंडची बोली एवढेच.

2015 साली वडील गेले. वारसाची नोंद करण्यासाठी ऑगस्टात मी गावी गेलो. जाताना गाडीतून जे रान पाहिले त्याला रान म्हणवत नव्हते. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे एकेकाळी नावाजलेले धान्य. पण त्या वर्षी काळी जमीन भेगाळून पडली होती आणि ढग रोज येऊन पाहुण्यासारखे तोंड दाखवून पूर्वेकडे निघून जात होते. संध्याकाळी चुलत्यांच्या ओट्यावर बसलो असताना गावचे मुलाणी आले. वडिलांचे लहानपणचे सोबती. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते ओट्यावर चढले नाहीत. खाली पायरीवरच बसले आणि बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले,

"पोरा, तुझा बाप असता तर त्याच्यापाशी बोललो असतो. आता तुझ्यापाशी बोलतो. तुमच्या रानातली चार तासं माझ्याकडं हाइत. एका साली घेतली न्हाईत. दर साली नांगर थोडा थोडा सरकत गेला. उद्या पावसाची नमाज हाय. ती चार तासं घिऊन मी माळावर उभा कसा ऱ्हाऊ?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: तास म्हणजे नांगराची ओळ. बांध कोरणे हा आमच्या खेड्यापाड्यांतला इतका जुना आणि इतका सार्वत्रिक अपराध आहे की, तो अपराध आहे हेच पुष्कळदा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यापायी भाऊ भावाचे डोके फोडतो, पण आपणहोऊन येऊन बांध कोरल्याचे सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी संकोचून म्हणालो, "असू द्या चाचा. चार तासांनी काय होतंय?"

"तुला काय होत नसंल," ते म्हणाले, "मला होतंय. तू माफ केलंस तर बरंच. पर बांध मी सकाळी सरकवनार."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी त्यांनी आणि त्यांच्या मुलाने बांधाचे दगड उचलून मूळ जागी नेऊन ठेवले. मग हातपाय धुऊन दोघे माळाकडे गेले. मीही त्यांच्या मागोमाग गेलो.

माळावर शंभर-सव्वाशे माणसे असतील. ईदच्या नमाजाला असतात तसे नवे कपडे कोणाच्या अंगावर नव्हते. उलट ज्याने त्याने जुनेरेच घातले होते. सगळे पायी आले होते. म्हातारे होते, लहान मुले होती. कोणी शेळ्या आणल्या होत्या, कोणी गुरे. आणि करडे आयांपासून दूर बांधल्यामुळे त्यांचा एकसारखा आक्रोश चालला होता. माळाच्या कडेला आम्ही हिंदूही बरेच उभे होतो. अजान झाली नाही. दोन रकात नमाज झाली. मग इमामांनी थोडे भाषण केले, किब्ल्याकडे तोंड केले आणि अंगावरची चादर उलटी केली. उजव्या खांद्याची बाजू डाव्यावर, डाव्याची उजव्यावर. नंतर हात वर केले. नेहमी दुआ मागताना तळहात आभाळाकडे असतात. इथे तळहात जमिनीकडे होते आणि हाताची पाठ आभाळाकडे. माळावरची माणसे रडत होती. दुष्काळात माणसाच्या डोळ्यांत तरी पाणी कुठून येते, असा एक चमत्कारिक विचार त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेला.

शहाडला परतल्यावर उर्दू शाळेतील एका शिक्षक मित्राकडे बसून मी या विधीची माहिती करून घेतली. त्याचे नाव 'नमाज-ए-इस्तिस्का'. इस्तिस्का म्हणजे पाणी मागणे. चादर उलटी करणे म्हणजे, परमेश्वरा, आमची स्थिती अशीच पालटून टाक, अशी खूण. हाताची पाठ वर ठेवण्याचा अर्थ कित्येक जण असा लावतात की, हे काही घेण्यासाठी पसरलेले हात नव्हेत, संकट दूर सारण्यासाठी उचललेले हात आहेत. मुले, म्हातारे आणि मुकी जनावरे बरोबर न्यायची, कारण त्यांच्या पदरी पाप नाही. आपल्यासाठी नाही तर त्यांच्यासाठी तरी पाऊस पडावा. पैगंबरांच्या एका वचनाचा आशय तर असा आहे की, गरिबांचा जकातीचा वाटा अडवून ठेवणाऱ्यांचा पाऊस अडवला जातो, आणि जनावरे नसती तर त्यांना पाऊस मिळालाच नसता.

सुलेमान पैगंबराची एक कथाही त्यांनी सांगितली. सुलेमान लोकांना घेऊन पाऊस मागायला निघाला असता वाटेत त्याला एक मुंगी पाठीवर पडून पाय आभाळाकडे करून प्रार्थना करताना दिसली. तो लोकांना म्हणाला, परत चला. दुसऱ्या कोणाच्या तरी मागण्याने तुमचे काम झाले आहे. राजा, त्याची प्रजा, त्याचा लवाजमा एकीकडे आणि मुंगी एकीकडे. आणि पारडे मुंगीचे जड.

पण या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटली ती नमाजाच्या आधीची तयारी. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले आहे की, इमामाने लोकांना आधी उपवास करायला, दानधर्म करायला, आपसांतली भांडणे मिटवायला आणि ज्याचे जे अन्यायाने घेतले असेल ते परत करायला सांगावे. मग माळावर जावे. इमाम अबू हनीफा यांचे मत तर असे की, पाऊस मागण्याचे सार क्षमायाचनेत आहे, सामुदायिक नमाज हा त्याचा आवश्यक भाग नव्हे. त्यांच्याच शिष्यांनी पुढे दोन रकातींचा पुरस्कार केला. आणि क्षमायाचनेलाही एक अट आहे. देवाचे देणे देव माफ करील. परंतु माणसाचे देणे त्या माणसाने माफ केल्याशिवाय देवही माफ करीत नाही. मुलाणीचाचा पायरीवर का बसले होते, ते मला त्या दिवशी कळले.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पाऊस आला का?

नाही. त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही, मी गावात होतो तोवर आला नाही. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल् निनोचा जोर होता आणि देशात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा 14 टक्के कमी झाला. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याआधी तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली होती. मराठवाड्यातल्या ईदगाहांवर अशा नमाजा झाल्या होत्या. देवळांत अभिषेक झाले होते. औरंगाबादेहून विमाने उडवून ढगांत मीठ फवारून झाले होते. आभाळाने कोणाचेच ऐकले नाही.

मग त्या प्रार्थनेचा उपयोग काय झाला? वर्गातला मुलगा हे विचारील, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. समुद्राचे पाणी किती तापले यावर पाऊस ठरतो हे आम्हीच त्याला भूगोलाच्या तासाला शिकवतो. भूगोलाच्या तासाला एक आणि माळावर दुसरे, असा दुटप्पीपणा शिक्षकाला परवडत नाही. मी स्पष्टच सांगतो: मुलाण्याने बांध सरकवला म्हणून ढग थांबतात असे मला वाटत नाही. बांध सरकवूनही ढग थांबले नाहीत, हे मी पाहिले आहे.

याहून कठीण असा दुसराही आक्षेप आहे. पाऊस न पडणे हे पापाचे फळ मानले, तर ज्यांच्यावर दुष्काळ कोसळतो तेच पापी ठरतात. त्या माळावर उभे असलेल्यांची पापे ती केवढी! चार तासे जमीन, उधार राहिलेला कडबा, भावाशी धरलेला अबोला. ज्यांनी शेकडो फूट खोल विंधणविहिरी खणून शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढले, ज्यांनी ओढ्याचे पाणी आपल्या उसाकडे वळवले, ते कोणी त्या माळावर नव्हते. त्यांना पाऊस मागण्याची गरजच नव्हती. म्हणजे ज्याने थोडे घेतले तो रडतो आणि ज्याने पुष्कळ घेतले तो घरी झोपतो. अशी प्रार्थना गरिबाच्या दुःखावर अपराधाचे आणखी एक ओझे चढवते, असे कोणी म्हटले तर मी त्याला चटकन खोटे ठरवू शकत नाही.

तरीही माझे मन तिथे थांबत नाही. का, ते सांगतो.

उमर खलिफांच्या कारकिर्दीत, हिजरी सन 18 मध्ये, म्हणजे इसवी सन 639 च्या सुमारास, अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. वाऱ्याबरोबर राखेसारखी माती उडे, म्हणून त्या वर्षाला राखेचे वर्ष असे नाव पडले. खलिफांनी तूप, दूध आणि मांस सोडले. लोकांना मिळेपर्यंत मीही खाणार नाही म्हणून तेलावर राहिले, आणि त्यांच्या अंगाचा रंग काळवंडला असे सांगतात. शाम आणि इराकच्या सुभ्यांकडून धान्य मागवून त्यांनी भुकेल्यांना जेवू घातले. चोरीची शिक्षा म्हणून हात तोडण्याचा कायदा त्या वर्षापुरता स्थगित केला, कारण उपाशी माणसाची चोरी ही एकट्या त्याची चोरी नसते. आणि पैगंबरांचे वृद्ध चुलते अब्बास यांना पुढे करून त्यांनी पाऊसही मागितला. म्हणजे खलिफांची प्रार्थना रिकाम्या हातांची नव्हती. जे माणसाच्या हाती होते ते माणसाने आधी केले होते. हाती नव्हते तेवढेच देवाकडे मागितले.

आमच्याकडेही ही समजूत परकी नाही. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, घर बसले. परंपरा सांगते की, पुढे तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांपैकी भावाच्या वाटणीची खते त्याला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. देव पाण्यात घालणारे पुष्कळ झाले. खतपत्रे पाण्यात घालणारा एखादाच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीही बेदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांना मोकळे केले. त्या धान्याची किंमत विठ्ठलाने महाराच्या रूपाने जाऊन बेदरला भरली, ही कथा आमच्या वडिलांना तोंडपाठ होती. त्या कथेत चमत्कार आहे, पण तो कोठार उघडल्यानंतरचा आहे. कोठाराला कुलूप लावून दामाजीपंत विठ्ठलाची वाट पाहत बसले असते, तर विठ्ठल आला असता असे कोणीही कीर्तनकार सांगत नाही.

तेव्हा मला वाटते, दुष्काळातली प्रार्थना दोन तऱ्हेची असते. एक तऱ्हा देवाला कोंडण्याची, बेडकाचे लग्न लावून त्याला फसवण्याची, नवस बोलून त्याच्याशी सौदा करण्याची. तिच्यात माणूस जसा होता तसाच राहतो; बदलायचे ते आभाळाने. दुसरी तऱ्हा अशी की, मागण्याआधी माणसाला स्वतःच्या घरात, रानात, वहीत डोकावून पाहावे लागते. मी कोणाचे काय घेऊन बसलो आहे? या दुसऱ्या तऱ्हेची प्रार्थना पावसाच्या बाबतीत निष्फळ ठरली तरी पुरती निष्फळ ठरत नाही. पाऊस आला नाही, हे खरे. पण बांध जागेवर आला, हेही खरे. तो अजून जागेवर आहे.

आणि या दोन तऱ्हा हिंदू आणि मुसलमान अशा वाटता येत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो. चादर उलटी करून मन सुलटे न करणारे असतात आणि अभिषेक करून कोठार उघडणारेही असतात. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात, फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेले सिंधी लोक दर वर्षी झूलेलालाचे चाळीस दिवसांचे व्रत करतात. सिंधमध्ये उडेरोलालच्या स्थानी त्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही नमस्कार करीत आले. पाण्याच्या काठी माणूस उभा राहिला म्हणजे त्याच्या प्रार्थनेची भाषा वेगळी असेल, तहान वेगळी नसते.

इथवर लिहिणे सोपे होते. अवघड भाग आता येतो, कारण तो माझ्याविषयी आहे.

चाचांनी चार तासे परत केली तेव्हा मी मोठ्या उदारपणे 'असू द्या' म्हणालो होतो. देणेकरी ते होते आणि धनी मी. परंतु शहाडला परत आल्यावर एके दिवशी पुलावर उभा राहून उल्हास नदीकडे पाहत असताना माझा हा हिशेब उलटला. उल्हास भर उन्हाळ्यातही वाहते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण यांची तहान तिच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात भागते. कोकणातली इतर लहान नद्या मार्चमध्ये आटतात. मग हिला पाणी कुठून? मावळात आंद्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, आणि भीमा पंढरपुरावरून, मंगळवेढ्याच्या शिवेवरून पुढे जाते. त्या आंद्रेला ठोकरवाडीला बांध घालून तिचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीला सोडतात, त्यावर वीज करतात आणि ते पाणी मग उल्हासात येते. 1922 पासून हे चालू आहे. जे पाणी पूर्वेला जायचे ते पश्चिमेला वळले. भीमेच्या खोऱ्याची एक धार गेली शंभर वर्षे माझ्या बाजूला वाहते आहे.

चाचांनी माझ्याकडून चार तासे घेतली होती. मी त्यांच्याकडून काय घेतले आहे?

माझा मुद्दा कोणी चुकीचा समजू नये. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, लाखो घरांत दिवे लागले, माझ्या वडिलांसारख्यांना भाकरी मिळाली. तहान भागवणे हे पाप नव्हे. शिवाय मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या 35 गावांचा पाण्याचा प्रश्न काही केवळ आंद्रेच्या पाण्याने सुटणारा नाही. ती एक धार आहे, सगळी भीमा नव्हे. आणि नदी म्हणजे बांधाचे दगड नव्हेत की एका सकाळी मुलाला हाताशी धरून मास्तराने सरकवावेत. पण देणे फेडता येत नाही म्हणून ते देणे नव्हेच, असे म्हणता येईल का? चाचांनाही म्हणता आले असते की, नांगर आपोआप सरकला.

पैगंबरांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. शुक्रवारचे प्रवचन चालू असता एक माणूस येऊन म्हणाला की जनावरे मरत आहेत, पाऊस मागा. त्यांनी मागितला, आणि पाऊस सुरू झाला तो पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबेना. तेव्हा पुन्हा एक माणूस आला आणि म्हणाला की घरे पडत आहेत. त्यांनी हात उचलून विनवले की, पाऊस आमच्या भोवताली पडो, आमच्यावर नको. टेकड्यांवर, दऱ्यांत, झाडांच्या मुळाशी पडो. मला हा प्रसंग फार शहाणपणाचा वाटतो. पाणी नुसते हवे एवढे मागून भागत नाही. ते कोणाकडे, किती आणि कुठे, हेही मागावे लागते. 2005 च्या 26 जुलैला आम्ही उल्हासचे पाणी घरांत शिरलेले पाहिले. 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. एकाच राज्यात एक माणूस पाण्यात बुडतो आणि दुसरा पाण्यावाचून गाव सोडतो. आभाळाची वाटणी आभाळाकडे. परंतु खाली आल्यावरची वाटणी आपल्याकडे आहे, आणि ती करताना आपण आपल्या रानाच्या बाजूने नांगर सरकवला आहे.

आणि आता एवढे लिहिले आहे तर राहिलेलेही लिहितो. 2016 च्या एप्रिलात मराठवाड्यातून पुष्कळ कुटुंबे मुंबईकडे आली. घाटकोपरला मैदानात नांदेडकडच्या लोकांची वस्तीच झाली होती. आमच्याकडेही पुलाखाली काही बिऱ्हाडे उतरली. मी तेव्हा आमच्या इमारतीचा चिटणीस होतो. बाहेरच्या लोकांना नळाला हात लावू देऊ नये, असा ठराव सभेत झाला होता. तो वहीत माझ्याच हस्ताक्षरात आहे. एके दुपारी हंडा घेऊन एक बाई आली. रखवालदाराने तिला हटकले. मी वरून खिडकीतून पाहत होतो. ती वाद घालत नव्हती; फक्त एकदा म्हणाली, "दादा, लेकराफुरतं तरी घिऊ द्या." बोली अगदी माझ्या वडिलांची नव्हती, पण वडिलांच्या बोलीच्या शेजारची होती. आठ महिन्यांपूर्वी माळावर रडणारी माणसे पाहून आलेला मी, खिडकीत उभा राहिलो आणि खाली उतरलो नाही. ती रिकामा हंडा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुलाखाली गेलो. बिऱ्हाडे हलली होती. तीन दगडांच्या चुली तेवढ्या होत्या.

नदीचे देणे शंभर वर्षांचे आणि सगळ्यांचे. ते वाटून घेता येते, त्यावर लेख लिहिता येतो. एका हंड्याचे देणे माझे एकट्याचे. माणसाचे देणे माणसानेच माफ करावे लागते, आणि तो माणूस कुठे आहे हे मला ठाऊक नाही. मशिदीत गेलो, देवळात गेलो, शहाडच्या बिर्ला मंदिरातल्या विठ्ठलापुढे डोके ठेवले, तरी ते कोणी सोडवू शकत नाही. पंढरीच्या चंद्रभागेला जायचे थोडे पाणी जवळून वाहत असता तो विठ्ठल इथे उभा आहे, आणि त्याच्यापुढे उभा राहिलो म्हणजे मला दामाजीपंत आठवत नाहीत, रिकामा हंडा आठवतो.

सभेचा तो ठराव मी पुढच्या सभेत मागे घ्यायला लावला. फार वाद झाला. शेवटी उन्हाळ्यापुरता रस्त्याच्या बाजूला एक नळ मोकळा ठेवायचे ठरले. अजून दर उन्हाळ्यात तो मोकळा असतो. त्याने त्या बाईचे देणे फिटले असे मी समजत नाही. चुकून दुसऱ्याच्या दारात ठेवलेले पैसे आहेत ते. पण मुलाण्याचाच न्याय लावायचा तर, माफी मिळो न मिळो, दगड तरी उचलून ठेवायलाच हवेत.

वर्गातल्या त्या मुलाला मी जे उत्तर दिले ते एवढेच: "ज्यांचा देव पाण्यात घालता येत नाही, ते आधी शेजाऱ्याचे घेतलेले परत करतात आणि मग मोकळ्या माळावर जाऊन मागतात." मुलाने विचार केला आणि विचारले, "आणि गुरुजी, परत केल्यावरही पाऊस आला नाही तर?"

मी म्हणालो, "तर परत केलेले पुन्हा मागून घेत नाहीत."

घंटा झाली. मुले बाहेर पळाली. बाहेर पाऊस पडत होता. शहाडला पडतो तसा, गरजेपेक्षा जास्त.